हाताने पिंजलेलं फायबर

माझ्या हाताला गुण आहे असं मोठे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, तेव्हा मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली. तंत्रज्ञ म्हणून लागले आणि तंत्रज्ञ म्हणूनच निवृत्त होणार होते. अशा नोकरीत कुणी एवढंसं कौतुक केलं तरी माणूस फुलतो. आता मात्र कुणी माझ्या हाताचं नाव काढलं की मला दोन्ही हात खिशात घालावेसे वाटतात.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नुसत्या चिकणमातीवर काही भरवशाचं उभं राहत नाही. पाणी लागलं की ती फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून तिच्यात शंभराला सहा भाग सिमेंट घालतात. तेवढ्याने ती घट्ट होते खरी, पण तिचा स्वभाव बिघडतो. सोसेल तोवर सोसते आणि मग काही न सांगता एकदम फुटते. त्यावर उपाय म्हणून तिच्यात प्लास्टिकचे केसासारखे बारीक धागे घालायचे, बोटाच्या पेराएवढेही लांब नसतात. कागदोपत्री त्यांना ‘कृत्रिम तंतू’ म्हणतात, आम्ही फायबर म्हणतो. फायबर घातलेली माती यंत्राखाली दाबली की तिलाही तडा जातोच, पण धागे तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. ती फुगते, वाकडी होते, लांबून दिसेल अशी भेगाळते आणि तरी उभी राहते. म्हणजे खाली असलेल्या माणसाला पळायला वेळ मिळतो. या सगळ्या खटाटोपाचा मतलब तेवढाच आहे.

अडचण अशी की पिशवीतून फायबर निघतं ते एकमेकांना चिकटून, झुपक्यांनी. तसंच ओतलं तर मातीत त्याच्या गुठळ्या होतात, आणि मधली माती कोरडी ठाक, धाग्याविना. म्हणून मी ते पिंजून घेते. चिमूटभर घ्यायचं, दोन्ही हातांच्या बोटांनी सोडवायचं, फुंकर मारली तर उडेल इतकं मोकळं करायचं. एका नमुन्याला दोन ग्रॅमसुद्धा लागत नाही, पण तेवढं पिंजायला अर्धा तास जातो. मग माती, सिमेंट आणि पाणी कालवून त्यावर ते मीठ भुरभुरावं तसं भुरभुरायचं, साच्यात तीन थरांत ठोकायचं, प्रत्येक थर ओरखडून मग पुढचा टाकायचा, आणि हे सगळं पाणी पडल्यापासून पाऊण तासाच्या आत. हातभर घाई आणि पोतंभर चिकाटी, असं हे काम आहे.

पिंजायचं मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुठे लिहिलंही नव्हतं. नोंदवहीत ‘मिसळण्याची पद्धत’ असा एक रकाना आहे. त्यात मी वर्षानुवर्षं ‘हाताने’ एवढा एकच शब्द लिहीत आले. साहेबांनी माझ्या आकड्यांवर जाडजूड अहवाल लिहिला, तो वर मंजूर झाला आणि नदीवरच्या नव्या पुलाकडे चढणारा रस्ता त्याच मिश्रणाच्या भरावावर बांधायचं ठरलं. भराव दोन मजले उंच, आणि बाजू जवळजवळ सरळ, कारण उतार द्यायला खाली जागाच नव्हती. खाली बारा खोल्यांची एक जुनी रांग होती.

ते काम घेतलेल्या कंपनीत आमचे जावई इंजिनिअर म्हणून लागले. योगायोग बियोगायोग काही नाही, मीच साहेबांकडे शब्द टाकला होता. जावई तसे सज्जन. पुढ्यात आलेलं निमूट खाणारे, मला अहो-जाहो करणारे, आणि कुणी वरच्या माणसाने डोळे वटारले की मान खाली घालणारे. हा शेवटचा गुण मला लग्नाच्या वेळी फार आवडला होता.

आता त्या कंपनीची रीत ऐका. ज्या बांधकामाच्या पायथ्याशी लोक राहतात, तिथे कंपनीचा इंजिनिअर काम पूर्ण होऊन हवाली होईपर्यंत बायकोसकट त्याच पायथ्याशी राहतो. लोकांना धीर यावा म्हणून. इथे तर त्या बारा खोल्यांमधली माणसं सामान बांधूनच बसली होती. तेव्हा कंपनीने टोकाची खोली घेतली, तिला रंग दिला आणि त्यात माझी लेक राहायला गेली. लेक दिवसभर त्या रांगेतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडली की हाताच्या अंतरावर भराव. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय फळ्यावरचं दिसायचं नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे दहा मिनिटं बसवेना. ती म्हणाली, आठ-नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे आई, होईल सवय.

काम सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. रविवारी सकाळी जावई दारात उभे. एका हातात मातीची पिशवी, दुसऱ्या हातात सिमेंट आणि फायबरच्या पुड्या, आणि चेहरा असा पडलेला की मी आधी लेकीचंच विचारलं. लेक ठीक होती. साइटवरून आमच्याकडे आलेले पहिले नमुने ताकदीला कमी भरले होते, ते मला ठाऊकच होतं, मीच ते यंत्राखाली फोडले होते. जावई म्हणाले की मजूर साचे नीट भरत नाहीत, हयगय करतात. माती तीच आहे, सिमेंट तेच, फायबर तेच. तुम्ही एवढ्या वेळी करून द्या, तोवर मी माणसं तयार करतो. आणखी एक खेप कमी भरली तर कंपनी मला काढील, असंही हळूच म्हणाले.

नियम मला पाठ होता. नमुना साइटवरच भरायचा, आणि मिसळण्याच्या यंत्राच्या तोंडातून पडलेला मालच भरायचा. घरी बसून निराळा कालवून नाही. मी सव्वीस वर्षं नव्या पोरींना हेच घोकून घ्यायला लावलंय. पण जावई दारात होते, लेकीचा संसार त्यांच्या नोकरीवर होता आणि मजूर हयगय करतात हे मला खरंही वाटलं. त्यातून माझ्या मनात एक शहाणपणाचा किडा होता. मला दाखवायचं होतं की माझा आकडा बरोबर आहे. तोच अंगाशी आला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी सहा नमुने भरले. आमचे हे निवृत्त होऊन घरी बसलेले, त्यांच्या हाती चाळणी दिली. ते बिचारे न कुरकुरता माती चाळत बसले. फायबर घरभर उडालं, यांच्या मिशीत अडकलं, चहात पडलं. जावई हसले, यांनीही हसून घेतलं. नमुने ओल्या फडक्यात गुंडाळून मी भाताच्या मोठ्या डब्यात घालून दिले. सोमवारी तेच नमुने साइटचे म्हणून रीतसर सही-शिक्क्यानिशी प्रयोगशाळेत आले आणि मीच ते उतरवून घेतले. सात दिवसांनी फोडले. आकडा छान आला. साहेब येऊन खांद्यावर थाप मारून गेले.

पुढच्या रविवारी जावई पुन्हा आले. एवढ्या वेळी, म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी काही म्हणालेच नाहीत, पिशवी ओट्यावर ठेवली आणि चपला काढून बसले.

असे अकरा रविवार गेले. मला वाटलं होतं एकदा मदत करतेय, आणि मी सापळ्यात पाय घातला होता. सरावाने नमुने सोपे व्हायला हवे होते, ते उलट अवघड होत गेले, कारण आता प्रत्येक आठवड्याचा आकडा मागच्याइतकाच यायला हवा होता. जरा कमी आला तर विचारतील की असं का, आणि मग मागचे सगळे उकरतील. एका रविवारी मी तापाने फणफणले होते. यांनी उशीला टेकवून बसवलं आणि मी पांघरुणातून हात काढून फायबर पिंजलं. बहिणीकडे चार दिवस जायचं होतं, ते राहिलं. आमच्या घरात रविवारी पाहुणा आला तरी मी आधी ओट्यावरचे साचे झाकायची. जावयांची माणसं काही तयार झाली नाहीत, आणि मीही कधी झाली का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

बाराव्या आठवड्यात बुधवारी सुट्टी होती म्हणून लेकीकडे गेले. खोल्यांच्या मागे पाण्याचा नळ टाकण्यासाठी भरावाच्या पायथ्यातच कंबरभर खोल असा एक चर कापला होता. म्हणजे भरावाचं पोट उघडं पडलं होतं. मी वाकून बघितलं. पांढऱ्या गुठळ्या दिसल्या, कापसाच्या बोळ्यांएवढ्या, इथे एक, तिथे एक, आणि मध्ये हात हात लांब नुसती माती. एक गुठळी मी बोटाने उकरली तर सुटून हातात आली आणि तिच्या जागी भोक राहिलं. मी दुसरी काढली, तिसरी काढली. या भरावात माझं मिश्रण नव्हतंच. माझं मिश्रण फक्त माझ्या ओट्यावर होतं आणि नोंदवहीत होतं. आत खोलीत माझी लेक मुलांना पाढे म्हणायला लावत होती, आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीआड ही माती उभी होती, जी फुटताना कुणाला काही सांगणार नव्हती.

जावई साइटच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. मी तिन्ही गुठळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ते उठले, दार लावून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यावरूनच मी काय ते समजले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तिसऱ्या रविवारापासून," ते म्हणाले. "यंत्रात अख्खी पिशवी एकदम ओततात, आई. पिंजायचं म्हटलं तर वीस माणसं नुसती त्याला लागतील. कंपनी म्हणते, अहवालात पिंजायचं लिहिलेलं नाही."

आणि ते खरंच लिहिलेलं नव्हतं. जावई मग बराच वेळ बोलत राहिले. सिमेंट तर पूर्ण घातलंय. फायबर नसलेली मातीही उभी राहतेच की. रस्त्याचा भार अजून यायचाय. आणखी पाच महिने काढले की काम हवाली होईल आणि आम्ही दुसरीकडे जाऊ. आता मी बोललो तर तुमच्या अकरा नोंदींचं काय सांगायचं? मी म्हटलं, तिला तरी घेऊन जा तिथून. तर म्हणाले, शेवटपर्यंत इथेच राहू असं मी कंपनीला लिहून दिलंय, आणि तिला हलवलं तर लोक त्याच दिवशी निघतील आणि काम बंद. मला त्या सज्जन माणसाचा जितका राग आला तेवढाच माझाही आला. दोघांनी मिळून तिला त्या खोलीत कोंडलं होतं.

तिला मात्र मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. चहा घेतला, मुलांना गोळ्या वाटल्या आणि घरी आले. भित्री म्हणा, काहीही म्हणा.

रविवारी जावई आलेच. मी पिशवी दारातूनच परत केली आणि सोमवारी रजा टाकून सहा साचे आणि ठोकणी थैलीत घालून सकाळीच साइटवर पोचले. यंत्र चालू होतं. मी सरळ त्याच्या तोंडाशी बसकण मारली, पडणारा माल घमेल्यात घेतला आणि सगळ्यांच्या देखत साचे भरायला घेतले. मजूर हातातलं काम सोडून बघायला लागले. जावई धावत आले आणि चार पावलांवर थांबले. सासूला चारचौघांत अडवायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिला होता. मी तीन थर ठोकले, ओरखडे काढले, सहाच्या सहा साचे भरले आणि वर पाहिलं तर ते अजून तिथेच उभे होते. निघताना मला रिक्षापर्यंत सोडायला आले आणि थैली त्यांनीच उचलली.

सात दिवस मी ते नमुने प्रयोगशाळेत रोज जाऊन बघत होते. देवाशप्पथ सांगते, मनातून मला वाटत होतं की ते चांगले निघावेत. माझा संशय खोटा ठरावा आणि मी तोंडावर आपटावं. सातव्या दिवशी पहिला यंत्राखाली ठेवला. भार चढत गेला, काटा माझ्या नेहमीच्या आकड्याच्या निम्म्यावर आला, आणि आधी कुठे एक रेघसुद्धा न उमटता नमुना फटकन फुटला. तुकडे माझ्या चपलांवर पडले. दुसरा तसाच. सहाही तसेच. मी आकडे लिहिले. ‘मिसळण्याची पद्धत’ या रकान्यात या वेळी पुरत नव्हतं म्हणून मागचं कोरं पान घेतलं आणि सगळं लिहून काढलं, पिंजण्यापासून ओट्यापर्यंत, अकरा रविवारांच्या तारखांसकट, आणि खाली सही केली.

साहेबांनी ते उभ्याने वाचलं आणि मग बसले. आधी म्हणाले, वाटेत साचे हादरले असतील, नमुने बाद करू. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, तुमची निवृत्ती तीन वर्षांवर आलीय. मी म्हटलं, माझी मुलगी त्या भरावापासून हातभर अंतरावर राहते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. संध्याकाळपर्यंत कंपनीला पत्र गेलं. काम थांबवा, महिन्याभरात चौकशी होईल. मी घरी आले आणि यांना म्हटलं, सुटलो. आता लेक घरी येईल. तिची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं.

तिचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आवाज अगदी शांत होता, आणि ती शांत बोलते तेव्हा मला तिची भीती वाटते. तिने आधी विचारलं की अकरा आठवडे मी तिला एका शब्दाने का सांगितलं नाही. मग म्हणाली, कंपनीचे लोक येऊन गेले. चौकशी संपेपर्यंत इंजिनिअरच्या बायकोने खोली सोडायची नाही. बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, शिकवण्या रोजच्यासारख्या चालू ठेवायच्या. तिने एक बॅग जरी बाहेर काढली तर बारा खोल्यांत पळापळ होईल आणि त्याचा सगळा दोष जावयांवर टाकून त्यांना तुरुंगात घालतील.

"आधी आम्हाला पाच महिन्यांनी तरी निघता येणार होतं," ती म्हणाली. "आता हलताच येत नाही, आई."

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून रडले. असं वाटलं की हे हात कोपरापासून तोडून टाकावेत. खोटं केलं तेव्हा तिला त्या खोलीत अडकवलं, आणि खरं केलं तर वरून कुलूप घातलं. चौकशीला महिना म्हणजे किती, ते मी सव्वीस वर्षं सरकारी टेबलांवर पाहिलंय. तोवर त्या चरात पाणी मुरणार होतं.

आमचे हे टेबलाशी बसून सगळं ऐकत होते. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली आठ चहाबद्दल असतात. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "पण आपल्या मुलीला तिथं ठेवलंय कशासाठी?"

मी चिडून म्हटलं, लोकांनी घाबरून निघून जाऊ नये म्हणून, आणखी कशासाठी?

"मग लोकच निघून गेले तर तिला कुणासाठी ठेवतील?"

मी उठले. मग तोंड धुतलं आणि पायात चपला अडकवल्या. बोलायची बंदी कंपनीने लेकीला आणि जावयांना घातली होती. मला कुणी काही बजावलं नव्हतं, बहुतेक त्यांच्या लक्षातच आलं नसावं. जाताना प्रयोगशाळेत वाकडी वाट केली, फुटलेल्या नमुन्यांचे तुकडे एका पिशवीत भरले आणि माझ्या त्या लिहिलेल्या पानाची नक्कल घेतली. यापुढे तिथे मला कुणी उभं करणार नाही हे जिना उतरताना मला कळत होतं. जावयांची नोकरी माझ्यामुळेच लागली आणि आता माझ्यामुळेच जाणार, हेही कळत होतं. लेक कदाचित आयुष्यभर बोलणार नाही. रडू येत होतं, पण पाय थांबत नव्हते.

रांगेपाशी पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. खोल्यांवर भरावाची सावली होती, आणि सगळीकडे रोजच्यासारखं चाललं होतं. कुणी भांडी घासत होतं, कुणी दोरीवर कपडे टाकत होतं. टोकाच्या खोलीतून मुलांचे आवाज येत होते. लेक दारात आली, तिने मला पाहिलं, माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि चौकट धरून तिथेच उभी राहिली. मी तिच्याकडे गेले नाही. रांगेच्या दुसऱ्या टोकाच्या पहिल्या दारावर थाप मारली.

त्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई राहते. माझ्याच वयाची, गळ्यात मापाची पट्टी. तिने मशीन थांबवलं आणि मी तोंड उघडायच्या आतच हसून स्टूल पुढे सरकवलं.

"तुम्ही शिकवणीच्या बाईंच्या आई ना? तोंडावळा तोच आहे," ती म्हणाली. "आम्ही सगळे निघालो होतो हो तेव्हा. गाडीसुद्धा ठरवली होती. तुमच्या मुलीने दारोदार जाऊन सांगितलं, ही माती माझी आई तपासते, तिच्या हातून वाईट माल पुढे जात नाही. म्हणून राहिलो आम्ही."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेकीने कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी इतके दिवस समजत होते की त्या लोकांना कंपनीच्या इंजिनिअरने थांबवलंय. मला स्टुलावर बसवेना. पिशवीतले तुकडे मी तिच्या मशीनच्या फळीवर ओतले, कापलेल्या कापडाशेजारी, आणि कसं सांगायचं म्हणून वाटेत जे काय जुळवलं होतं ते सगळं विसरले.

"ती आई मीच," मी म्हटलं. "तुमच्या मागे जी माती आहे ती मी तपासलेली नाही. मी तपासली ती मीच घरी बसून केलेली होती. ही तुमची. ही फुटायच्या आधी काही सांगत नाही. माणसं घेऊन आजच्या आज निघा."

बाईने एक तुकडा उचलला. बोटांत दाबला, त्याचा भुगा झाला. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने तसं काही केलं नाही. उठून दारात गेली आणि रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे बघत राहिली.

"आणि ती?" तिने विचारलं.

"ती सगळ्यांत शेवटी," मी म्हटलं. "तुम्ही बाकीची अकराही घरं निघाल्याशिवाय तिला निघता येत नाही."

बाईने गळ्यातली पट्टी काढून मशीनवर टाकली आणि माझ्या आधी जाऊन शेजारच्या खोलीची कडी वाजवली.